जुन्या स्पीकरला नवा आवाज : भंगारात घालण्याआधी हे पाहा

कोकणातल्या कितीतरी घरांत आजही माळ्यावर स्पीकरची एक जोडी पडून असते. १९८० आणि १९९० च्या दशकांत आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे सुटीवर येताना डेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर घेऊन येत. त्यावर कव्वाल्या वाजल्या, गझला वाजल्या, लग्नाच्या कॅसेटी वाजल्या. पुढे कॅसेट गेली, सीडी आली, तीही मागे पडली. आता हाताच्या पंजात मावणारा ब्लूटूथचा डबा वाजतो आणि जुनी जोडी भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. भंगारवाला तिची किंमत लोखंडाच्या आणि तांब्याच्या वजनावर करतो. गिऱ्हाईकही देऊन मोकळा होतो, कारण स्पीकर घरघरतो, बेस देत नाही, आणि मेकॅनिकने 'हा आता गेला' असे सांगितलेले असते.

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. मॅग्नेट शाबूत असते, कॉइल चालू असते, कागदी कोनही ठीक असतो. खराब झालेली असते ती कोनाच्या कडेची फोमची पट्टी आणि आतला एखादा कंडेन्सर. हे दोन्ही स्वस्तात बदलता येतात. रेडिओ-टीव्हीचे काम जाणणारा आणि सुतारकाम जाणणारा असे दोघे एकत्र आले तर या कामात चार पैसे आहेत. मात्र काम कोणत्या क्रमाने करायचे हे ठाऊक हवे. बाजारात नेमका उलटा क्रम चालतो. गिऱ्हाईक आले की आधी मोठा वूफर, मग महागडी वायर, मग दोन जास्तीचे ट्वीटर विकले जातात. आवाज होता तसाच राहतो, आणि ते गिऱ्हाईक दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. आधी बिनपैशाचे उपाय, मग दुरुस्ती, मग पेटी, आणि नवा भाग सर्वांत शेवटी, असा क्रम धरावा.

आधी घर पाहा

स्पीकर उघडण्याआधी तो जिथे वाजतो ती खोली पाहावी. आपल्याकडे बहुधा एक स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला आणि दुसरा फ्रिजच्या मागे कोपऱ्यात, जमिनीवर. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा बेस दोन भिंती आणि जमीन मिळून फुगवतात. आवाज घुमतो आणि शब्द बुडतात. दोन्ही पेट्या मागच्या भिंतीपासून वीत-दोन वीत पुढे घ्याव्यात. दोघींमध्ये जितके अंतर, साधारण तितकेच अंतर ऐकणाऱ्यापर्यंत असावे. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर आणावा. मोझॅकची फरशी आणि उघड्या भिंती असतील तर समोर एक जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरायला सांगावे. एवढ्याने कर्कशपणा पुष्कळ कमी होतो आणि त्याला खर्च नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तारांची दिशा. दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर एक कोन बाहेर येतो त्याच वेळी दुसरा आत जातो. दोघांची हवा एकमेकांना खाते आणि बेस नाहीसा होतो. मग गिऱ्हाईक म्हणते, 'वूफरमध्ये दम नाही.' दीड व्होल्टचा साधा सेल घ्यावा आणि तो वूफरच्या तारांना क्षणभर टेकवावा. सेलचे अधिक टोक लाल खुणेला लागल्यावर कोन बाहेर यायला हवा. दोन्ही पेट्यांत तसे झाले पाहिजे. ही तपासणी पेटीच्या मागच्या टर्मिनलवरून करावी आणि त्या वेळी अ‍ॅम्प्लिफायरच्या तारा सोडवून ठेवाव्यात. उघड्या ट्वीटरला सेल लावू नये, त्याची कॉइल नाजूक असते.

तारेबद्दल मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या जातात. हिशेब साधा आहे. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटर तांब्याची तार घेतली आणि स्पीकर पाच मीटरवर असला, तर जाण्या-येण्याची मिळून दहा मीटर तार लागते. तिचा रोध सव्वा दशांश ओहमच्या आसपास येतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे दोन टक्क्यांहूनही कमी आहे आणि कानाला ते कळत नाही. केसासारखी बारीक, वीस ठिकाणी जोड दिलेली तार असेल तर ती जरूर बदलावी. पण हजारो रुपयांची सोनेरी टोकांची तार विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री लावणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फोमचे काम

आज आपण वापरतो त्या जातीचा स्पीकर, म्हणजे मॅग्नेटच्या फटीत हलणारी कॉइल आणि तिला चिकटवलेला कोन, हा अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघा इंजिनिअरांनी १९२५ मध्ये मांडला. शंभर वर्षे झाली तरी मूळ रचना तीच आहे. कोनाला दोन ठिकाणी आधार असतो. आत, कॉइलजवळ, वळ्यावळ्यांचे पिवळसर कापड असते, त्याला स्पायडर म्हणतात. बाहेर, कोनाच्या कडेला, गोल वळकटी असते. ही वळकटी कापडाची किंवा रबराची असेल तर दीर्घकाळ टिकते. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत कुजते, बोट लावले की पिठासारखी झडते. दमट हवेत हे लवकर घडते, म्हणून मुंबई-कोकणातून येणाऱ्या मालात हाच दोष जास्त दिसेल.

फोम फाटला की कोन एका बाजूला झुकतो, कॉइल फटीत घासते आणि घरघर येते. असाच वाजवत राहिले तर कॉइल खरोखरच जळते. म्हणून फाटका स्पीकर आणलेल्या गिऱ्हाइकाला, दुरुस्ती होईपर्यंत वाजवू नका, असे पहिल्यांदा सांगावे.

नवी वळकटी मागवताना 'आठ इंची द्या' एवढ्यावर भागत नाही. आठ इंच म्हणवणाऱ्या दोन कंपन्यांच्या वूफरांत कोनाचा व्यास वेगळा असतो. चार मापे घ्यावीत: कोनाचा बाहेरचा व्यास, वळकटीची आतली कड, वळकटीची बाहेरची कड आणि लोखंडी चौकटीचा जिथे चिकटवायचे तिथला व्यास. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत या वस्तूंची चौकशी करावी. आता घरबसल्या मागवण्याचीही सोय आहे, पण मापे आपणच घ्यायची.

जुना फोम आणि सुकलेला डिंक पूर्ण खरवडून काढावा. इथे घाई केली तर नवा फोम नीट बसत नाही. मधली टोपी धारदार ब्लेडने अलगद कापून घ्यावी. मग कॉइल आणि मधला लोखंडी गाभा यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या चारी बाजूंनी सारख्या खोचाव्यात. धुऊन काढलेली जुनी एक्स-रे फिल्म यासाठी छान उपयोगी पडते. पट्ट्यांमुळे कॉइल मधोमध राहते. आधी फोम कोनाला चिकटवून सुकू द्यावा, नंतर चौकटीला. सुकल्यावर लवचीक राहणारा डिंक वापरावा. कडक होणारा झटपट गोंद फोमला कडेने तोडतो. चौकटीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावून पूर्ण एक दिवस ठेवावे. मग पट्ट्या काढून दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत दाबून पाहावा. कानाला खरखर लागली नाही तरच टोपी पुन्हा बसवावी. मोबाइलवर सूर काढणारे फुकट अ‍ॅप मिळते. त्यातून ३० ते ४० हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात दिला की उरलासुरला दोषही ऐकू येतो.

एक फोम फाटला असला तरी दोन्ही बदलावेत. दुसरा त्याच वयाचा असतो.

कंडेन्सर बदलताना

पेटीच्या आत एक छोटी पाटी असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. जाड सूर वूफरकडे आणि बारीक सूर ट्वीटरकडे पाठवणे हे तिचे काम. स्वस्त पेट्यांत तर ट्वीटरच्या तारेत एकच कंडेन्सर असतो. त्याचा आकडा आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड असेल तर ट्वीटर साधारण ४,२०० हर्ट्झच्या वर काम करतो. २.२ असेल तर ९,००० च्या वर. म्हणजे आकडा बदलला की वाटणी बदलते. 'मोठा लावला तर जास्त आवाज' ही समजूत ट्वीटर जाळते, कारण न झेपणारे जाड सूरही मग त्याच्याकडे जातात.

जुन्या पेट्यांत बहुधा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात. तीस-चाळीस वर्षांत ते आतून सुकतात आणि ट्वीटर मंद पडतो. त्याच आकड्याचा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कंडेन्सर लावला की आवाजावरचा पडदा दूर झाल्यासारखे वाटते. हा मोठ्या दुकानात 'ऑडिओ ग्रेड' नावाने महाग मिळतो. आपल्या कारागिरांसाठी एक सोपी वाट आहे. छताच्या पंख्याचा कंडेन्सर, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा, हाही पॉलिप्रॉपिलीनचाच असतो आणि कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. अडीचचे दोन समांतर जोडले की पाच होतात. आकाराने तो मोठा असतो, पण पेटीत जागा पुष्कळ असते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतो तो अधिक-उणे खुणेचा कंडेन्सर मात्र इथे एकटा कधीही लावू नये.

नवा कंडेन्सर लावल्यावर कधी कधी ट्वीटर टोचू लागतो. जुन्या कंडेन्सरमध्ये आपोआप थोडा रोध असायचा, तो आता नसतो. तेव्हा ट्वीटरच्या ओळीत अर्ध्या किंवा एका ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर घालून ऐकावे. त्याहूनही कमी करायचे असेल तर ओळीत २.२ ओहम आणि त्यापुढे ट्वीटरला समांतर २२ ओहम लावावा. ट्वीटर जवळजवळ तीन डेसिबेलने उतरतो, आणि कंडेन्सरला मात्र पहिल्यासारखाच आठ ओहमचा भार दिसतो, त्यामुळे वाटणी बिघडत नाही.

ट्वीटर खाली आणण्याचा सगळ्यांत प्रसिद्ध किस्सा यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरचा आहे. पांढऱ्या कोनाची ही जोडी १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आली. घरांत तिची फारशी वाहवा झाली नाही, पण स्टुडिओवाल्यांनी ती उचलली. तिचा ट्वीटर कानाला बोचे, म्हणून त्यांनी काय केले असेल? ट्वीटरवर टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवला. जगभरच्या स्टुडिओंत ही पद्धत पसरली. कंपनीने पुढे स्टुडिओसाठी ट्वीटरच सौम्य केलेली वेगळी आवृत्ती काढली. २००१ मध्ये या स्पीकरचे उत्पादन थांबले, तरी जुन्या जोड्यांना आजही मागणी आहे. कागदाचा तुकडा हा काही शास्त्रशुद्ध उपाय नव्हे, दोन रेझिस्टरांचा उपाय त्याहून चांगला. पण दोष कुठे आहे ते कानाने नेमके ओळखले तर इलाज किती स्वस्त असू शकतो ते यातून दिसते.

सुताराचे काम

पेटी म्हणजे नुसते खोके नव्हे. आतली हवा कोनाच्या मागे स्प्रिंगसारखे काम करते. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी पूर्ण बंद पेटीतल्या हवेलाच कोनाची स्प्रिंग बनवून छोट्या पेटीतून खोल बेस काढून दाखवला. तेव्हापासून स्पीकर दिवाणखान्याच्या फळीवर बसू लागला. अशा बंद पेटीला सुईएवढी फट पडली तरी बेस पातळ होतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो. तपासणी सोपी आहे. वूफर हळूच आत दाबून सोडावा. तो आळसावल्यासारखा परत आला तर पेटी बंद आहे, झटकन आला तर कुठेतरी गळते. भोक असलेली पेटी असेल तर भोकावर तळहात दाबून हीच परीक्षा करावी. खिडकीला लावायची फोमपट्टी वूफरच्या चौकटीखाली आणि टर्मिनलच्या पाटीखाली लावली की बहुतेक गळती थांबते. आतल्या सांध्यांत लाकडाच्या डिंकाची धार फिरवावी.

मग पेटीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. ढब-ढब आवाज आला तर बाजूची फळी स्वतःच वाजते आहे. समोरासमोरच्या फळ्यांमध्ये दोन इंच बाय एक इंचाची दांडी घट्ट बसवून चिकटवावी, मधोमध नव्हे तर थोडी सरकवून. वीस सेंटिमीटर लांबीची अशी दांडी पाव लिटर जागा खाते, तीस लिटरच्या पेटीत ते जाणवत नाही. पार्टिकल बोर्डाची पेटी पावसाळ्यात तळाशी फुगून भुसभुशीत झालेली असेल तर तिची मलमपट्टी करत बसू नये. १८ मिलिमीटरच्या प्लायची किंवा एमडीएफची नवी करावी, पण आतली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून, गुणून, हजाराने भागून जेवढे लिटर येतील तेवढेच नव्या पेटीत ठेवावेत. भोकातली नळीही तेवढ्याच व्यासाची आणि लांबीची हवी. उदाहरण द्यायचे तर, तीस लिटरच्या पेटीत सात सेंटिमीटर आतल्या व्यासाची आणि चौदा सेंटिमीटर लांबीची पीव्हीसी नळी पेटीला सुमारे ४५ हर्ट्झवर सुरात आणते. नळी कापून आखूड केली की हा सूर वर चढतो आणि बेस ढोलासारखा वाजतो. शोभेसाठी नळी कापणारे सुतार आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आत उशीत भरायचा पॉलिस्टरचा कापूस फळ्यांवर इंचभर जाडीने लावावा. काचलोकरही चालते, पण तिचे तंतू छातीत जातात आणि नळीतून बाहेर उडतात. ती लावायचीच तर कापडात शिवून लावावी.

नवा वूफर कधी?

कॉइल तुटली असेल तरच. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहा-सात ओहम दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल गेली. तेव्हा त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा वूफर शोधावा किंवा नवी कॉइल घालून घ्यावी. 'याचे मॅग्नेट दुप्पट आहे' हा दुकानदाराचा शब्द पुरेसा नाही. कोणता वूफर किती लिटरच्या पेटीत चालेल याचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी मांडला, आणि आजच्या चांगल्या वूफरच्या माहितीपत्रकात ते आकडे छापलेले असतात. ते नसतील तर वूफर घेणे म्हणजे आंधळा सौदा.

गिऱ्हाईक 'आवाज वाढवा' म्हणते तेव्हा त्याला एक गोष्ट समजावून द्यावी. २० वॉटच्या जागी ४० वॉट घातले तर फरक फक्त तीन डेसिबेलचा पडतो, कानाला तो थोडासा वाटतो. आवाज दुप्पट झाला असे वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. उलट ८६ डेसिबेलच्या जागी ८९ डेसिबेल देणारा स्पीकर असेल तर तेवढेच काम जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर होते. 'पीएमपीओ' म्हणून डब्यावर हजारांचे आकडे छापलेले असत, त्यांना मान्य असे कोणतेही मोजमाप नव्हते. फक्त आरएमएसचा आकडा पाहावा. आणि लहान अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पिळून आवाज फाटेपर्यंत वाजवला तर त्यातूनही ट्वीटर जळतो, हे मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला घाबरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आठ ओहमच्या दोन पेट्या एकाच टोकाला समांतर जोडल्या की चार ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर चार लिहिलेले नसेल तर जोडू नये.

व्यवहाराच्या बाजूने दोन-तीन गोष्टी. माल घेताना पेटीवर चिठ्ठी लावावी आणि तिच्यावर मीटरचा आकडा, कोनाची अवस्था आणि काय चालत नाही ते गिऱ्हाइकासमोर लिहावे. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत, म्हणजे 'माझा चांगला माल काढून घेतला' हा वाद उरत नाही. मजुरी आणि सामान वेगवेगळे लिहावे. एक पेटी पूर्ण करून दुसरी जुनीच ठेवावी आणि बॅलन्सची कळ फिरवून गिऱ्हाइकाला दोन्ही आळीपाळीने ऐकवाव्यात. त्यासाठी गाणे नको, रेडिओवरच्या बातम्या लावाव्यात. माणसाचा बोलण्याचा आवाज कसा असतो ते प्रत्येकाला ठाऊक असते, फरक तिथे लगेच कळतो. मग दुसऱ्या पेटीचे काम तो स्वतःच सांगतो.

भंगारातून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून जोडी उचलायची असेल तर खिशात मीटर आणि एक सेल ठेवावा. फोम गेलेला चालेल, पेटीचा पॉलिश उडालेला चालेल. कोन मधोमध फाटलेला, कॉइल घासताना अडकणारी, किंवा पेटी पडून मॅग्नेट सरकलेले असेल तर किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्यावे. सरकलेले मॅग्नेट बोटाने ओळखता येते. कोन चारी बाजूंनी सारखा दाबला तरी तो जागचा हलत नाही.